लक्ष्मी रस्ता कोणाच्या बापाचा?

पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर पायी चालणाऱ्या माणसाला जागा उरलेली नाही. ती आपोआप गेलेली नाही. भरदिवसा, सगळ्या शहराच्या डोळ्यांदेखत ती त्याच्याकडून हिसकावून घेतली गेली. ज्यांनी राखायची ते गप्प बसले आणि ज्यांनी बळकावली ते निर्ढावले. महापालिकेचा पथ विभाग वाहतूक पोलिसांकडे बोट दाखवतो, वाहतूक पोलीस अतिक्रमण विभागाकडे, अतिक्रमण विभाग राजकीय दबावाकडे, आणि लोकप्रतिनिधी व्यापाऱ्यांच्या नाराजीचे कारण पुढे करून मोकळे होतात. ही टोलवाटोलवी वर्षानुवर्षे चालली आहे. तिला नुसती ढिलाई म्हणणे हा पायी चालणाऱ्यांचा आणखी एक अपमान ठरेल. हा अन्याय आहे आणि तो समजून-उमजून चाललेला आहे.

ज्याला शंका असेल त्याने संध्याकाळी सात वाजता बेलबाग चौकातून टिळक चौकाकडे, म्हणजे पुणेकरांच्या अलका टॉकीजकडे, चालत जाऊन पाहावे. अंतर एक किलोमीटरच्या आसपास आहे. पहिल्या वीस-पंचवीस पावलांतच पदपथ संपतो. साडीच्या दुकानाची पायरी पुढे आलेली, पायरीपुढे कपडे घातलेले पुतळे मांडलेले, पुतळ्यांपुढे सेलचा फलक. तेवढे कसेबसे ओलांडले की वीजवाहिन्यांची लोखंडी पेटी पदपथाच्या मधोमध उभी. तिच्या पलीकडे ड्रेनेजच्या चेंबरचे झाकण, पदपथाच्या पातळीपेक्षा चार बोटे वर आलेले. मग निखळलेले पेव्हिंग ब्लॉक, पावसाळ्यात त्यांच्याखाली साचलेले पाणी, आणि पाऊल पडताच पोटरीपर्यंत उडणारा चिखल. कडेला दुचाक्यांची रांग, इतकी खेटून की एकीचा आरसा दुसरीच्या हँडलमध्ये अडकलेला. पदपथावरून खाली उतरायचे म्हटले तर पाय घालायला फट नाही, आणि खाली असलेल्याला वर चढायला वाट नाही. शेवटी माणूस रस्त्यावर उतरतो, मुलाचा हात घट्ट धरतो आणि रिक्षा, मोटार आणि बस यांच्यामधल्या हातभर जागेतून चालू लागतो. मागून हॉर्न वाजतो. चुकीच्या जागी चालत असल्याबद्दल त्यालाच शिवी मिळते.

याच रस्त्यावर कुंटे चौकाजवळ थोडा वेळ उभे राहा. मंडईतून भाजी घेऊन आलेली एखादी आजी रस्ता ओलांडायला थांबलेली दिसेल. पायाखालचे झेब्रा पट्टे पुसट झालेले असतात आणि उरलेल्या पट्ट्यांवर गाड्यांची पुढची चाके आलेली असतात. ती एकदा पाऊल टाकते, मागे घेते. पुन्हा टाकते, पुन्हा मागे घेते. मग पिशवी डाव्या हातात घेऊन उजवा हात पुढे करते, तळवा येणाऱ्या गाड्यांकडे वळवते आणि तो तसाच धरून, मान खाली घालून, झपाझप निघते. पुण्यात पायी चालणाऱ्या प्रत्येकाला हा हात ठाऊक आहे. ती विनवणी असते. ज्या शहरात जन्म गेला, ज्या शहराची घरपट्टी आयुष्यभर भरली, त्या शहरात बारा मीटरचा रस्ता ओलांडायला म्हातारपणी हात पसरावा लागतो. ज्यांच्या कारकिर्दीत ही वेळ आली त्यांनी शरमेने मान खाली घालायला हवी होती. त्यांच्या चेहऱ्यावर त्याची खूणही दिसत नाही.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने स्वतः छापलेला आकडा पाहा. २०२२ या एका वर्षात देशातल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांतली ३२,८२५ पायी चालणारी होती. दिवसाला नव्वद! ही माणसे वेगात नव्हती, कोणाला कट मारत नव्हती, त्यांनी सिग्नल तोडला म्हणावे तर कित्येक ठिकाणी त्यांच्यासाठी सिग्नलच नव्हता. ती फक्त चालत होती. त्यांच्याखेरीज मृतांपैकी ४४.५ टक्के दुचाकीवरची. म्हणजे रस्त्यावर मरणारा बहुतांश माणूस हा मोटारीच्या पत्र्याबाहेरचा माणूस आहे, आणि रस्ते मात्र पत्र्याच्या आत बसलेल्यासाठी आखले जातात. या आकड्यांना अपघात म्हणायची आपल्याला सवय झाली आहे. जे दररोज होते, ठरलेल्या ठिकाणी होते, ज्याची कारणे इंजिनिअरला नकाशावर बोट ठेवून दाखवता येतात आणि जे टाळण्याची साधने सरकारी पुस्तकांत लिहून ठेवलेली आहेत, ते अपघात कसले?

होय, लिहून ठेवलेली आहेत. इंडियन रोड्स काँग्रेसची पादचारी सुविधांविषयीची मार्गदर्शक तत्त्वे, आयआरसी १०३, २०१२ पासून प्रत्येक पालिकेच्या कपाटात असायला हवीत. त्यांत पदपथावर चालायला निखळ १.८ मीटर रुंदी किमान मागितली आहे, अडथळ्यांशिवाय. दुकानांच्या दर्शनी भागापुढे लोक रेंगाळतात, म्हणून तिथे आणखी जागा सोडायला सांगितली आहे. पदपथाची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको, कारण गुडघे दुखणाऱ्याला, गरोदर बाईला, चाकाच्या खुर्चीवरल्या माणसाला चढता आले पाहिजे. पुणे महापालिकेने तर २०१६ मध्ये स्वतःचे पादचारी धोरण मंजूर केले आणि रस्त्यांच्या रचनेची स्वतःची मार्गदर्शिका काढली. त्याच्याही दहा वर्षे आधी, २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने बजावले होते की रस्त्यांचे नियोजन वाहनांच्या सोयीने न करता माणसांच्या ये-जा करण्याच्या गरजेने करा. काय करायचे हे कोणाला माहीत नाही असे आता कोणी सांगू नये. माहीत होते. सही-शिक्क्यानिशी माहीत होते. आणि तरीही केले नाही.

कायदाही त्यांच्या उशाशी आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये १९८-अ हे कलम आले. रस्त्याची आखणी, बांधणी किंवा देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे न केल्यामुळे कोणी मेला अथवा अपंग झाला, तर त्या रस्त्याला जबाबदार असलेला अधिकारी, ठेकेदार, सल्लागार यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. एका जिवाची किंमत एक लाख ही रक्कम आम्हाला लाजिरवाणी वाटते. पण कायद्याने निदान हे मान्य केले की रस्ता स्वतः मारू शकतो आणि मारणाऱ्या रस्त्यामागे सही करणारा माणूस असतो. १४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याहून पुढचे पाऊल टाकले. अडथळे नसलेला, अपंगांनाही वापरता येईल असा पदपथ मिळणे हा घटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे त्या न्यायालयाने सांगितले. त्याच वर्षी ७ ऑक्टोबरला राज्यांना सहा महिन्यांची मुदत देऊन रस्त्यांच्या रचनेचे आणि पादचाऱ्यांच्या सुरक्षिततेचे नियम करा असे बजावले. तेव्हा पदपथावर लावलेली दुचाकी ही यापुढे केवळ बेशिस्त उरलेली नाही. ती दुसऱ्याच्या जगण्याच्या हक्कावर ठेवलेली दुचाकी आहे, आणि ती तिथे राहू देणारा अधिकारी त्या हक्कभंगात भागीदार आहे.

पुण्यातले राज्यकर्ते आणि अधिकारी या सगळ्यावर एकच उपाय जाणतात: काँक्रीट ओता. विद्यापीठ चौकात उड्डाणपूल बांधला. पंधरा वर्षे उलटली न उलटली तोच, २०२० मध्ये, तो पाडला आणि त्या जागी दुमजली पुलाचे काम काढले. आता पेठांच्या पोटातून भुयारी मार्ग खणण्याच्या घोषणा होत आहेत. देशातली पहिली बीआरटी, म्हणजे राखीव मार्गिकेतली जलद बससेवा, २००६ मध्ये याच शहराने कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर सुरू केली. ती धड चालवली नाही, बसथांब्यापर्यंत जायला सुरक्षित वाट केली नाही, बसची मार्गिका खासगी गाड्यांना मोकळी सोडली आणि शेवटी नगर रस्त्यावरची बीआरटी तर उखडूनच टाकली. बससाठी राखलेली जागा मोटारींना देण्यात ज्यांनी मर्दुमकी मानली त्यांना आमचा थेट प्रश्न आहे: कोंडी सुटली का? रस्ता रुंद केला की काही महिने मोकळा वाटतो, मग त्या मोकळेपणाच्या ओढीने आणखी गाड्या बाहेर निघतात आणि तो पुन्हा भरतो. जगभरातल्या वाहतूक अभ्यासकांनी हे अनेक दशके मांडले आहे आणि पुणेकर ते रोज स्वतःच्या पेट्रोलने सिद्ध करत आहेत.

वेगाचे शास्त्रही याच लोकांनी बाजूला सारले आहे. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला सुमारे १४ मीटर पुढे सरकते. चालकाला समोर मूल दिसले आणि पाय ब्रेकवर जायला एक सेकंद लागला, तर ब्रेक लागण्याआधीच ती १४ मीटर गेलेली असते. ताशी ३० ला हेच अंतर आठ मीटरच्या थोडेसे वर. या सहा मीटरांत ते मूल असते. जागतिक आरोग्य संघटना सांगते की सरासरी वेग एक टक्क्याने वाढला तर जीवघेण्या धडकेचा धोका चार टक्क्यांनी वाढतो. वेगमर्यादेची पाटी लावून वेग उतरत नाही. मार्गिका अरुंद केली, वळणाचा कोपरा काटकोनाजवळ आणला, चौकात पदपथ पुढे काढून ओलांडायचे अंतर कमी केले, झेब्रा उचलून पदपथाच्या पातळीला आणला, की चालकाचा पाय आपोआप ब्रेकवर जातो. आमच्या शहरात नेमके उलटे केले जाते. मार्गिका ऐसपैस, कोपरे गोल गुळगुळीत, आणि पादचाऱ्याला सांगायचे की तू लांबच्या पादचारी पुलाचे जिने चढून पलीकडे जा. ज्याच्या अंगात इंजिन आहे त्याला सरळ सपाट वाट आणि ज्याच्या गुडघ्यांत दुखणे आहे त्याला जिना! हा विचार ज्या डोक्यातून निघाला त्या डोक्याला आम्ही नियोजनकार म्हणणार नाही.

सिग्नलचे गणितही असेच निर्दय आहे. सेकंदाला १.२ मीटर या चालीने माणूस चालतो असे हिशेबात धरतात. बारा मीटर ओलांडायला दहा सेकंद. पण सत्तरीतला माणूस त्या चालीने चालत नाही, कडेवर मूल घेतलेली बाई चालत नाही, काठी टेकणारा चालत नाही. शिवाय पादचाऱ्यांचा दिवा हिरवा असताना डावीकडे वळणाऱ्या गाड्या थांबत नाहीत आणि त्यांना थांबवायला कोणी नसते. म्हणजे कागदावर दिलेले दहा सेकंदही प्रत्यक्षात हाती येत नाहीत.

या लक्ष्मी रस्त्यासाठी महापालिकेने काय केले? ११ डिसेंबर २०२१ पासून पादचारी दिन सुरू केला. वर्षातून एक दिवस रस्त्याचा एक तुकडा गाड्यांना बंद. त्या दिवशी रांगोळ्या, वाद्ये, मुलांचे खेळ, अधिकाऱ्यांची छायाचित्रे. ज्यांनी कल्पना काढली त्यांच्या हेतूवर आम्ही संशय घेत नाही, आणि त्या दिवशी रस्त्याच्या मधोमध निर्धास्त चालणारी माणसे पाहून आम्हालाही भरून येते. म्हणूनच आमचा संताप अधिक आहे. कारण त्या एका दिवसाने सगळ्या सबबी खोट्या पाडल्या. एक दिवस रस्ता बंद ठेवता येतो, वाहतूक वळवता येते, पोलीस नेमता येतात, दुकाने चालू राहतात. मग दुसऱ्या दिवशी सकाळी बॅरिकेड उचलून गाड्या पुन्हा आत सोडण्याचा निर्णय कोण घेतो? तो निर्णयच आहे. दरवर्षी १२ डिसेंबरला कोणीतरी ठरवतो की पुढचे ३६४ दिवस पायी चालणाऱ्याने जीव मुठीत धरून चालावे. हक्क वर्षातून एकदा वाटायचा नसतो.

आणि गाड्या बंद केल्या तर शहर ठप्प होईल असे ओरडणाऱ्यांनी अनंत चतुर्दशी आठवावी. दरवर्षी गणेश विसर्जनाची मुख्य मिरवणूक मंडईपासून बेलबाग चौकात येते आणि याच लक्ष्मी रस्त्याने अलका चौकात जाते. चोवीस तासांहून अधिक काळ हा रस्ता पायी माणसांचा असतो. आषाढवारीत ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या पेठांतून जातात, लाखो वारकऱ्यांचे पाय या रस्त्याला लागतात, आणि पुणे त्यांच्यासाठी वाट मोकळी करते, पाणी देते, हात जोडते. पुण्याचे वैभव ज्या दिवसांनी जगाला माहीत झाले ते सगळे चालण्याचे दिवस आहेत. चालणाऱ्या वारकऱ्यापुढे झुकणाऱ्या या शहराने रोज कामावर चालत जाणाऱ्या मोलकरणीला, क्लासला निघालेल्या पोराला, औषध आणायला निघालेल्या म्हाताऱ्याला गटाराच्या झाकणावरून चालायला लावावे, याचा राग कोणालाच कसा येत नाही?

व्यापाऱ्यांशी आम्ही स्पष्ट बोलणार आहोत, कारण या रस्त्याची शान त्यांनीच वाढवली आहे. सराफांच्या पेढ्या, कापडाची दुकाने, लग्नाच्या बस्त्यासाठी सोलापूर-साताऱ्याहून येणारी कुटुंबे, हे सगळे आम्हाला प्रिय आहे. पण गिऱ्हाईक गाडीतून दुकानात येत नाही, पायाने येते. जी बाई मोटारीतून उतरते तीही दहा दुकाने पायीच हिंडते. दुकानासमोर उभी केलेली एक मोटार साडेबारा चौरस मीटर जागा अडवते. तेवढ्या जागेत दहा माणसे तुमच्या काचेपुढे उभी राहिली असती. आणि तुमच्या दारातली ती जागा तरी गिऱ्हाइकाला मिळते का? सकाळी शटर वर जाण्याआधी मालकाची आणि नोकरांची वाहने तिथे लागतात, ती रात्री दिवे मालवल्यावर निघतात. कोपनहेगनने १९६२ मध्ये स्ट्रॉयेट हा आपला बाजाररस्ता गाड्यांना बंद केला तेव्हा तिथले दुकानदारही धंदा बुडणार म्हणून आक्रोश करत होते. आज तो त्या शहरातला सर्वांत गजबजलेला खरेदीचा रस्ता आहे. इतक्या दूर नको, तर चेन्नईचा पाँडी बाजार पाहा. तोही कपड्यांचाच बाजार आहे. तिथे २०१९ मध्ये पदपथ ऐसपैस झाले, बसायला बाके आली, रस्ता आखडला. बाजार तिथेच आहे आणि चालू आहे.

पण नुसता दगड बदलून भागत नाही, हेही ठणकावून सांगितले पाहिजे. दिल्लीचा चांदणी चौक सप्टेंबर २०२१ मध्ये नव्या रूपात खुला झाला. लाल किल्ल्यासमोरून फतेहपुरी मशिदीपर्यंत, सकाळी नऊ ते रात्री नऊ मोटारवाहनांना बंदी. काम देखणे झाले. पुढे पहारा सैल पडला आणि बंदीच्या वेळेतही दुचाक्या घुसू लागल्या. पुण्यात जंगली महाराज रस्त्यावर तेच घडले. २०१६ नंतर त्या रस्त्याच्या पदपथांचे रूप बदलले, झाडांभोवती बसायच्या जागा झाल्या, पहिल्यांदाच या शहरात चालणे सुखाचे वाटले. आणि मग कोंडी झाली की त्याच पदपथावर दुचाकी चढवणारे निपजले. त्यांना कोणी अडवले तर अडवणाऱ्याच्या अंगावर धावून जाणारे निपजले. त्यांचे हे धाडस कुठून आले? आपल्याला काही होणार नाही या खात्रीतून. ती खात्री त्यांना यंत्रणेने दिली. याच जंगली महाराज रस्त्याबद्दल पुणेकर अभिमानाने सांगतात की १९७६ मध्ये तो बांधताना ठेकेदाराकडून दहा वर्षांची हमी घेतली होती, खड्डा पडणार नाही म्हणून. पन्नास वर्षांपूर्वीच्या पुढाऱ्यांना जे मागता आले ते आजच्यांना मागता येत नाही, कारण मागायची इच्छा नाही.

मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढे काही वर्षे कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. त्या काळात नगरसेवकांचा दबाव नव्हता, प्रभागाचे राजकारण नव्हते. एका सहीने लक्ष्मी रस्ता बदलता आला असता. झाला नाही. म्हणून राजकारण्यांमुळे काम अडते ही अधिकाऱ्यांची सबब आम्ही आजपासून ऐकून घेणार नाही. पार्किंगचे पैसे घेण्याचे धोरण २०१८ मध्ये सभागृहाने संमत केले आणि ते कागदावर कुजत ठेवले. म्हणून अधिकारी ऐकत नाहीत ही पुढाऱ्यांची सबबही आम्ही ऐकून घेणार नाही. दोघेही सारखेच दोषी आहेत.

आमची मागणी संदिग्ध नाही. बेलबाग चौक ते टिळक चौक हा लक्ष्मी रस्ता सकाळी नऊ ते रात्री दहा खासगी वाहनांना कायमचा बंद करा. दोन्ही बाजूंच्या दुकानांच्या उंबऱ्यापर्यंत एका पातळीचा फरसबंद रस्ता करा, मधून फक्त छोटी बस, रुग्णवाहिका आणि अग्निशमन बंब जाईल एवढी एकच वाट ठेवा, आणि तिच्यात कोणी गाडी उभी केली तर तासाभरात ती उचला. बाजीराव रस्ता जिथे आडवा येतो तिथे पायी चालणाऱ्यांना आधी आणि पुरेसा वेळ मिळेल असा सिग्नल लावा. फरशी बसवण्याआधी वीज, पाणी, ड्रेनेज, केबल यांच्या वाहिन्या एकत्र एका नळीत घाला. काम झाल्यावर महिन्याभरात जो विभाग खणायला येईल त्याच्या प्रमुखाच्या पगारातून खर्च वसूल करा. मालाची चढउतार रात्री दहानंतर होऊ द्या. पेठेत राहणाऱ्यांना परवाने द्या, त्यांच्या वाड्यात जाण्याचा हक्क कोणी हिरावू नये. फेरीवाल्यांना हाकलू नका. २०१४ च्या कायद्याने त्यांना जागा मिळण्याचा हक्क आहे, ती जागा फरशीवर आखून द्या, म्हणजे पोटही चालेल आणि वाटही राहील. या कामात घाई नको असे सांगणाऱ्या समित्या नेमू नका.

लोक येणार कसे, असे विचाराल तर उत्तर तुमच्याच पायाखाली आहे. २९ सप्टेंबर २०२४ पासून जिल्हा न्यायालय ते स्वारगेट भुयारी मेट्रो धावते आहे आणि मंडईचे स्थानक बेलबाग चौकापासून काही मिनिटांच्या चालीवर आहे. दुसऱ्या टोकाला डेक्कनचे स्थानक आहे, लकडी पूल ओलांडला की टिळक चौक. जनतेचे हजारो कोटी रुपये जमिनीखाली घातले आणि स्थानकातून वर आलेल्या माणसाला शंभर पावले नीट चालता येत नाहीत, याहून मोठी उधळपट्टी कोणती? पेठांसाठी दहा रुपयांत दिवसभर फिरवणारी पुण्यदशम ही छोटी बस २०२१ मध्ये सुरू केली होती. तशा बस या रस्त्यावर दर पाच मिनिटांनी सोडा. ज्यांना मोटार आणायचीच आहे त्यांनी मंडईजवळच्या किंवा हमालवाड्याच्या वाहनतळावर ती लावावी आणि पैसे मोजावेत. सार्वजनिक जागेवर आपली मालमत्ता फुकट ठेवण्याचा अधिकार घटनेने कोणालाही दिलेला नाही.

महापालिका आयुक्त, पथ विभागाचे प्रमुख आणि वाहतूक शाखेचे उपायुक्त या तिघांनी एकत्र बसून काम सुरू करण्याची आणि संपवण्याची तारीख जाहीर करावी. येत्या ११ डिसेंबरला रस्ता बंद कराल तेव्हा १२ तारखेला तो उघडू नका, हे आमचे त्यांना बजावणे आहे. व्यापारी संघटनांनी विरोधाचे निवेदन तयार करण्याआधी एक आठवडा आपल्या मालकांची आणि नोकरांची वाहने वाहनतळावर लावून पाहावीत.

आणि पुणेकरांनो, तुमच्याकडेही मागणे आहे. पदपथ अडलेला दिसला की छायाचित्र काढा, तक्रार लेखी करा, तिचा क्रमांक घ्या आणि उत्तर येईपर्यंत पाठ सोडू नका. तुमच्या रस्त्यावर पायी चालणारा कोणी मेला, तर पोलीस ठाण्यात जाऊन फक्त चालकाचे नाव लिहून परत येऊ नका. तिथे पदपथ होता का, ओलांडायला जागा होती का, दिवा चालू होता का, हे पंचनाम्यात नोंदवायला लावा आणि त्या रस्त्याला जबाबदार असलेल्या अधिकाऱ्यावर व ठेकेदारावर कलम १९८-अ खाली कारवाई करण्याची मागणी करा. नकार मिळाला तर तोही लेखी घ्या.